इस्त्रीला न आलेले कपडे

कडकशेठ हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी दिलं होतं. शेठ म्हणावं असं त्याच्याकडे काही नव्हतं, आणि कडक असायची ती त्याने इस्त्री केलेली कॉलर; माणूस मेणाहून मऊ. हॉस्पिटलच्या फाटकासमोर त्याचा छोटा गाळा होता. एक टेबल, दोन इस्त्र्या आणि मागे दोरीवर टांगलेली लोकांची अब्रू.

कपड्यावरून माणूस ओळखायची त्याला खोड होती. कॉलर उलटवून शिवलेली दिसली की घरात ओढाताण आहे, खिशावर पेनाचे डाग पडायचे थांबले की साहेबांची नोकरी गेली. बहुतेक वेळा त्याचं खरंही निघायचं. तिथेच घोटाळा झाला. माणूस चार वेळा बरोबर ठरला की पाचव्या वेळी कुणाला विचारत नाही.

हॉस्पिटलच्या सिस्टर त्याच्याकडे युनिफॉर्म टाकायच्या. कापड भारी, कोपर विरायच्या आत नवा जोड हजर, पैशांची घासाघीस नाही. लेकीची शाळा संपली तेव्हा त्याने मनाशी ठरवूनच टाकलं, हिला नर्स करायची. नर्सिंग कॉलेजची फी ऐकून बायकोने कपाळाला हात लावला. याचं गणित तयार होतं: गाळा विकायचा, तीन वर्षांची फी भरायची, नोकरी लागली की दोन-तीन वर्षांत सगळं वसूल, आणि मग पाय पसरून बसायचं.

"अहो, पण पगार किती मिळतो ते विचारलंत का कुणाला?" बायको म्हणाली.

"विचारायचंय काय? कपडे सांगतात."

"कपडे काय सांगतात डोंबल! रोज येतात ना त्या दुकानात? एकीला विचारा."

"गिऱ्हाइकाला पगार विचारू? उद्या दुसरीकडे टाकतील कपडे."

लेकीला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काम मिळत होतं. "बाबा, वर्षभर मी तिथे जाते. तोवर नीट चौकशी करू," ती म्हणाली. बापाने ते हसण्यावारी नेलं. गाळा गेला. कडकशेठ एका मोठ्या लाँड्रीत पगारावर लागला आणि दिवसभर हॉटेलांच्या चादरींवर इस्त्री फिरवू लागला. चादरींवरून कुणाचंच काही ओळखता येत नाही.

लेक पास झाली, त्याच हॉस्पिटलात लागली. पहिला पगार तिने आईच्या हातात ठेवला. आईने मोजला, पुन्हा मोजला.

"अर्ध्या महिन्याचा दिला वाटतं," कडकशेठ म्हणाला.

"पूर्ण महिन्याचा आहे. मी कंत्राटावर आहे, बाबा. बहुतेक सगळ्याच आहोत. कायम नोकरीतल्या जुन्या सिस्टर मोजक्याच. तुमच्याकडे यायचे ते त्यांचेच कपडे."

"आणि बाकीच्यांचे?"

"बाकीच्या घरी धुतात आणि गादीखाली घालून ठेवतात. औषधाच्या दुकानात मला याहून जास्त देत होते. इस्त्रीला पैसे कुठून आणणार?"

इतकी वर्षं त्या फाटकातून चुरगळलेल्या युनिफॉर्ममधल्या पोरी त्याच्या डोळ्यांसमोरून जात होत्या. त्यांचे कपडे टेबलावर आले नाहीत, म्हणून त्या त्याच्या हिशेबातच आल्या नाहीत. फी वसूल व्हायला आता लेकीच्या नोकरीची निम्मी वर्षं जाणार होती, आणि गाळा तर परत मिळणारच नव्हता. असो. चुकला. माणूस चुकतो, त्यासाठी त्याला फासावर देत नाहीत. पण पुढे त्याने जे केलं, त्याला मी तरी चूक म्हणणार नाही.

शेजारी शिवणकाम करणारी एक बाई राहायची, एकटीने मुलगी वाढवलेली. एका सुट्टीच्या दिवशी ती दारात आली. "भाऊ, पोरीला नर्सिंगला घालावं म्हणते. तुमचा अनुभव आहे म्हणून विचारते. पैसे वसूल होतात ना?"

लेक समोरच बसली होती. कडकशेठने एकदा तिच्याकडे बघितलं. गाळा फुकट घालवला हे गल्लीभर व्हायला नको होतं त्याला.

"डोळे झाकून घाला," तो म्हणाला. "आमचं सोनं झालं."

बाई खुशीत निघाली. लेक उठली, अनवाणीच तिच्या मागे गेली आणि जिन्यात तिला गाठून तिने पगाराचा आकडा सांगितला. कंत्राटाचं सांगितलं, फीचं सांगितलं. बाईचा चेहरा उतरला, मग आक्रसला.

"म्हणजे तुझे वडील खोटं बोलले?"

दार उघडंच होतं. आत कडकशेठला शब्द न् शब्द ऐकू येत होता. उठून दोन पावलं टाकायची आणि 'हो' म्हणायचं, एवढंच काम. त्याने बसल्या जागी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"बोल की," बाई म्हणाली. "का माझी पोर तुझ्या बरोबरीला येते ते बघवत नाही तुला?"

परक्या बाईसमोर बापाला खोटारडा म्हणणं लेकीला जमलं नाही. बाईने त्याच आठवड्यात शिवणयंत्र विकून पहिला हप्ता भरला.

तेव्हापासून लेक बापाशी कामापुरतंच बोलते. कुणी विचारलं तर कडकशेठ सांगतो, ड्यूटीने दमते हो पोर.