मिठागर, सकाळचं ऊन

माझ्या एका निसर्गचित्राचं लोक अजून कौतुक करतात. ठाण्याच्या खाडीकडचं मिठागर, लखलखणारं पाणी, मिठाच्या पांढऱ्या राशी. कौतुक ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली असतील. मी चित्रकला शिकत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. त्या मिठागरात राबणाऱ्या एका नवरा-बायकोचं बांधावर झावळ्यांचं खोपट होतं. पाण्याची लांबच लांब रेघ नेमकी तिथे तुटत होती आणि मी मनातल्या मनात चरफडत होतो.

चित्र टेकवायची तीन पायांची माझी लाकडी घोडी आणि तिच्यावरचा फळा पाहून नवरा पहिल्याच दिवशी हात जोडून उभा राहिला. सरकारी मोजणीदाराचं टेबलही तसंच तीन पायांवर असतं. त्याचा काय गैरसमज झालाय ते मला लगेच कळलं. पण घरात ज्याला कुणी विचारत नाही, त्याला कुणी साहेब म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं. मी गप्प राहिलो. वर रुबाबात म्हणालो, "हे खोपट फार आड येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर बांध मोकळा. झावळ्यांचा भारा बांधलेला, भांडी उघड्यावर, आणि बायको तान्ह्या मुलीवर पदराची सावली धरून बसलेली. नवरा पुढे आला.

"साएब, काढला खोपट. आता करा मोजणी. मंग परत बांधू ना आमी?"

अहो, मी साधा चित्रं काढणारा, बांधा तुमचं घर, एवढंच सांगायचं होतं. पण पाण्यावर असं काही ऊन आलं होतं! ते फार वेळ टिकलं नसतं.

"थांबा जरा," म्हणालो आणि रंग कालवले.

दोन तास ते तिघं समोर उन्हात बसले होते. मुलगी रडून रडून झोपली. बसलेली माणसं मिठागरात शोभेनात, म्हणून मी त्यांना वगळलं आणि डोक्यावर टोपल्या घेतलेली दोन माणसं मनानेच काढली. लाज कशी वाटली नाही मला?

उठताना तरी खरं बोलायचं. तेवढीही हिंमत झाली नाही. फळा कागदाने झाकत म्हणालो, "झालं. बांधा आता."

तो वाकून माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.