मुन्शीजींचा उजेड

लिहिण्याचा अधिकार नसताना, तेही या उतारवयात, लिहावयास बसलो आहे. वाचकांनी क्षमा करावी. कागद पुढे ओढताच मुन्शीजींचा प्रश्न ऐकू येतो: "उजेड कुठून यायलाय?"

तालुक्याच्या कचेरीत मी कागदांच्या नकला करीत असे आणि ते हाकिमांसमोर, म्हणजे तहसीलदारांसमोर, अर्ज वाचून दाखवीत. कोणी कागद पुढे केला की आधी हा प्रश्न, मग सलाम. सकाळी पूर्वेची खिडकी, दुपारी ओसरी, उन्हे कलली की चुना दिलेल्या भिंतीसमोर, अशी त्यांची सतरंजी दिवसभर फिरे.

"मुन्शीजी, उन्हाच्या मागं बिऱ्हाड घेऊन फिरता का?" एक कारकून चिडवी.

"ऊन कावून पाहिजे बे? उन्हात कागद चमकतो. मला उजेड पाहिजे."

डोळे अधू होत चालले आहेत, हे त्यांनी केवळ मला सांगितले होते. साहेबांना कळते, तर नोकरी गेली असती.

उन्हाळ्यात नवे तहसीलदार आले. त्यांनी दारांना वाळ्याचे पडदे लावविले आणि सर्वांना आत बसविले. दालन थंड झाले, पण अंधारले. म्हणून भरदुपारी डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला दिवा जळू लागला.

अशात तलवाड्याची एक विधवा आली. नवऱ्याच्या शेताला तिचे नाव लागावयाचे होते. साहेब दुसऱ्याच दिवशी दौऱ्यावर निघणार होते. आज अर्ज वाचला गेला नाही, तर पेरणी दीर करणार आणि शेत त्यांच्या घशात जाणार.

मुन्शीजींनी अर्ज जवळ धरला, लांब धरला. शाई फिकी, आणि ज्योत थेट डोळ्यांत.

"वाचा की मामू," बाई कुजबुजली. "दीर भाईर उभे हायेत."

"ठहर बेटी." त्यांनी तळहात आडवा धरला, पण बोटांमधून ज्योत डोळ्यांत येतच राहिली. तेव्हा त्यांनी डोक्यावरची रुमी टोपी काढली आणि कपाळापुढे छपरासारखी धरली.

हाकिमासमोर उघडे डोके म्हणजे बेअदबी.

"मुन्शी, टोपी!" साहेब कडाडले.

"हुजूर, टोपी घातली तर मला अक्षर दिसत न्हाई. अर्ज संपला की घालतो."

इतके दिवस लपविलेले त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगून टाकले, आणि अर्ज कुठेही न अडखळता अखेरपर्यंत वाचला. साहेबांनी बाईच्या बाजूने हुकूम लिहिला. त्याच लेखणीने मुन्शीजींच्या बरखास्तीचाही.

त्यांनी टोपी घातली, सलाम केला, सतरंजी गुंडाळली. ओसरीत बाई रडू लागली.

"रडतीस कावून? शेत पेर," म्हणाले आणि आपल्या गावी, शिरूरच्या वाटेला लागले. पुन्हा ते दिसले नाहीत.

उन्हे कलली की चुन्याच्या भिंतीसमोरची ती जागा रिकामी राही. उजेड मात्र तिथे नेमाने येई.

वाचकहो, हे वाचताना आपल्याकडे उजेड कुठून येतो आहे?