मेसच्या टेबलावर ओतलेल्या गोळ्या

होस्टेलच्या मालकीणबाईंनी माझी औषधाची बाटली मेसच्या टेबलावर उलटी केली. गोळ्या ताटांमधून घरंगळल्या. सगळ्या पोरी जेवत होत्या.

"बघा गं. एड्सची औषधं हायत ही. तुमच्यात बसून जेवत होती."

पोरींनी ताटं सोडली. एक तिथंच ओकली.

मी तेव्हा सतरा वर्षांची. उदगीरहून लातूरला नीटच्या क्लाससाठी आले होते. एचआयव्ही मला जन्मापासून. आईबाप त्यातच गेले, मावशीनं वाढवलं. लहानपणी मी औषध थुंकायचे. ती नाक दाबून पाजायची अन् स्वतःच रडायची. माझ्या रक्तात आता विषाणू सापडत नाही, सोबत जेवल्यानं तर हा आजार कधीच पसरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी बाईंना तेच सांगायला लागले. त्यांनी नाकाला पदर लावला.

सकाळी मावशी आली. माझी गादी गेटाबाहेर. वर फिनाईल ओतलेलं. मावशीनं बाईंचे पाय धरले.

"बाई, लेकराची परीक्षा होऊ द्या. कोपऱ्यात पडून राहील."

कोपऱ्यात. लई लागला तो शब्द. माझ्याच माणसाच्या तोंडून निघालेला.

बाईंनी कागद पुढं सरकवला. 'स्वखुशीने होस्टेल सोडत आहे.'

"कर सही. न्हाईतर क्लासमधी सांगीन."

मी मावशीला दंडाला धरून उठवलं. कागद उलटा केला. पेन बाईंपुढं ठेवलं.

"तुम्हीच लिहा. हिला एचआयव्ही आहे म्हणून काढली. खाली तुमची सही. क्लासमधी मीच सांगते."

बाईंनी पेन उचललं नाही.

त्याच दिवशी क्लासमधी सांगितलं. शेजारची उठून मागं गेली. दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी तक्रार लिहून दिली, बाईंवर कोर्टात केस उभी राहिली. ती परीक्षा बुडालीच. डॉक्टर व्हायचं राहिलं. आता नांदेडला नर्सिंग शिकते.

परवा बाईंचा भाऊ आला. "मिटवून टाक पोरी. तुझ्या तब्येतीला कशाला हा ताप?"

मावशी म्हणाली, "व्हय म्हण. सुटशील."

"न्हाई," मी म्हणाले.

मला माफीनामा नको. भरल्या कोर्टात, स्वतःच्या तोंडानं, काय केलं ते बाईंनी बोलायचं. तोवर प्रत्येक तारखेला मी पुढच्या बाकावर असणार. माझ्या मरणाची वाट बघत असतील तर बघू देत. मी मरत न्हाई.