मौनाची मुदत

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पाणी मागायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. दोन दिवस वाटलं, सूज असेल, उतरेल. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, की गाठीला चिकटलेली नस दुखावली आहे, स्वरयंत्राची एक बाजू हलत नाही. असं होऊ शकतं हे त्यांनी आधी समजावलं होतं आणि मी सहीही केली होती. पण सही करताना माणूस, हे दुसऱ्या कुणाला तरी होतं, असंच धरून चालतो.

"नस तुटलेली नाही. आवाज परत येऊ शकतो," ते म्हणाले. "सहा महिने, कदाचित वर्ष. थांबावं लागेल."

'आणि नाही आला तर?' असं मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "ते तेव्हा बघू."

बारामती तालुक्यात पणदऱ्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी एकोणीस वर्षं पहिलीचा वर्ग घेत होते. पहिलीच्या बाईचं सगळं भांडवल म्हणजे तिचा आवाज. गाणी, गोष्टी, बाराखडी, रडणाऱ्याची समजूत आणि मारामारी करणाऱ्याला दटावणं, सगळं त्याच एका गळ्यातून निघायचं. संध्याकाळी देवळात आरती म्हणायलाही बायका मलाच पुढे करायच्या. आमचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचा नृसिंह. ज्या देवानं खांब फोडून गर्जना केली आणि भक्ताला सोडवलं, त्यानं माझाच आवाज का काढून घ्यावा, हा प्रश्न मला रोज पडायचा. खरं सांगते, त्या दिवसांत मी देवापुढे दिवा लावत होते, पण त्याच्याकडे बघत नव्हते.

घरात वेगळीच तऱ्हा. माझ्या सासूबाईंना ऐकू कमी येतं आणि त्यांना अक्षरओळख नाही. मी बोलू शकत नव्हते, लिहिलेलं त्यांना वाचता येत नव्हतं. खुणेनं मीठ मागितलं तर त्या विळी आणून द्यायच्या. एकदा दोघी हसता हसता रडलो. "देवानं जोडी बरी जमवली," असं म्हणून त्यांनी माझे डोळे पदरानं पुसले.

हात जोडून बसायचा माझा स्वभाव नाही. बारामतीला आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी सांगितलेलं सगळं मी नेमानं करत होते. नळीनं पाण्यात बुडबुडे काढायचे, भिंतीला दोन्ही हात रेटून जोर लावायचा, ओठ मिटून गुणगुणायचं. कुणी ऐकू नये म्हणून पहाटे गोठ्यात जायची. घशातून फाटक्या पिशवीसारखा फसफस आवाज निघायचा आणि म्हशी कान हलवत माझ्याकडे वळून बघायच्या. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. माझ्या वर्गाची मुलं दुसरीच्या बाई सांभाळत होत्या आणि त्यांची ओढाताण मला दिसत होती.

रजा संपत आली तेव्हा मुख्याध्यापक घरी आले. भला माणूस. चहा घेऊन झाल्यावर खाली बघत म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. केंद्रशाळेच्या ऑफिसात लिहिण्याचं काम आहे. तुमचं अक्षर मोत्यासारखं. अर्ज द्या, मी शब्द टाकतो." मी पाटीवर लिहिलं, 'मला वर्ग पाहिजे.' त्यांनी मान हलवली, पण जाताना कोरा अर्ज टेबलावर ठेवून गेले.

सप्टेंबरात पुन्हा तपासणी झाली. चार महिने उलटले होते आणि पडद्यावर ती बाजू तशीच, लाकडासारखी निश्चल. हे, म्हणजे माझे यजमान, दूध घालायच्या वेळेमुळे आले नव्हते. त्यांना फोनवर 'फरक नाही' एवढं लिहून पाठवलं आणि मी घराकडची एसटी न पकडता इंदापूरची पकडली. तिथून नरसिंहपूरची. भरलेला अर्ज पिशवीत होता. फरक नसला, तर आवाज परत मिळेल का ते देवाला एकदाच विचारायचं, उत्तर आलं नाही तर परतताना अर्ज देऊन टाकायचा, असं ठरवूनच निघाले होते.

दर्शन घेतलं. विचारलंही. मूर्ती जशी असते तशीच होती. मी घाट उतरून संगमावर जाऊन बसले. नीरा आणि भीमा दोन्ही भरून वाहत होत्या, खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. शेजारी एक म्हातारी बाई लुगड्याचा ओला पदर पिळत होती. तिनं मला काहीतरी विचारलं. मी गळ्याला हात लावून मान हलवली.

"मौन धरलंय व्हय? चातुर्मासाचं?" ती म्हणाली.

नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं आणि लिहून दाखवायचा कंटाळा आला होता. मी पाण्याकडे वळले. तिनं तेच उत्तर धरलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"माज्या आईनं धरलं व्हतं. चार म्हैने. आमी सात भावंडं, आन् समदी वांड! लोक म्हनायचे, ही न बोलता पोरं कशी सांबाळनार? पर आईनं टाळीवर घर चालवलं बगा. येक टाळी वाजली की जेवाया यायाचं. दोन वाजल्या की गप बसायाचं. आन् तीन वाजल्या की कुनाचं तरी काय खरं न्हाय." ती स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसली. "आई बोलत न्हाय म्हनल्यावर आमीच बोलाया लागलो. धाकटी तर तवाच बोलाया शिकली."

एक, दोन, तीन, मी मनातल्या मनात मोजलं.

"तुमचं कवापत्तुर हाय?" तिनं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मी वर देवळाकडे बोट दाखवलं.

"मंग बरं हाय की," ती उठत म्हणाली. "मुदत त्येच्याकडं दिली म्हंजी आपल्याला दिस मोजाया नगंत. हातातलं काम तेवडं करायाचं." आणि ओला पदर खांद्यावर टाकून ती पायऱ्या चढून गेली. मला तिचं नावसुद्धा विचारता आलं नाही. पुढे दोन वेळा गेले तेव्हा घाटावर आणि देवळात तिला शोधलं, पण ती दिसली नाही.

चार महिने मी दुपारी पडल्या पडल्या एकच हिशेब करत होते, किती दिवस गेले आणि किती उरले. त्या पायऱ्यांवर तो पहिल्यांदा थांबला. प्रल्हादाला तरी कुठे माहीत होतं खांब कधी फुटणार? देव आहे एवढंच त्याला माहीत होतं. मी अर्ज फाडला आणि त्याचे तुकडे नदीत न टाकता पिशवीतच ठेवले.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी मुख्याध्यापकांपुढे पाटी धरली, 'पंधरा दिवस द्या.' त्यांनी दिले.

पहिला दिवस फार वाईट गेला. मी टाळी वाजवली की पोरंही टाळ्या वाजवायची. कुणी बाकावर चढलं, कुणी पळून गेलं. घरी येऊन मी न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी परत गेले. आठवड्याभरात एक, दोन, तीन टाळ्यांचा अर्थ वर्गाला कळला. मी फळ्यावर चित्र काढायची आणि खडू पुढे करायची. शब्द मुलांनी सांगायचा, गोष्ट मुलांनी जोडायची. एक मुलगी जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. एका दुपारी तिनं माझ्या हातातला खडू घेतला, फळ्यावरच्या शेळीकडे बोट केलं आणि आपल्या घरच्या शेळीला दोन करडं कशी झाली ते सगळ्या वर्गाला सांगितलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. एकोणीस वर्षांत मी मुलांचं इतकं कधी ऐकलंच नव्हतं, कारण सगळा वेळ मीच बोलत होते. पंधरा दिवस संपून गेले, पण मुख्याध्यापकांनी विचारलंही नाही.

जानेवारीत एका पहाटे गोठ्यात गुणगुणताना घशात काहीतरी थरथरलं. मी पुन्हा केलं. सूर होता. जाड, घोगरा, पण सूर. मी ह्यांना हाक मारली. नाव घेत नाही आम्ही, नुसतं "अहो" म्हटलं. ते दुधाची किटली तशीच ठेवून धावत आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "परत म्हण."

डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखा आवाज बहुधा होणार नाही, वरचे सूर विसरा. मी विसरले. वर्गात आजही कमी बोलते आणि व्यायाम अजून चालू आहेत. शरणागती म्हणजे हात टेकणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपल्या वाट्याचं काम सोडायचं नाही आणि ते फळाला कधी यावं ही तारीख मात्र आपण लिहायची नाही. हे मला ज्या बाईच्या तोंडून कळलं, ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. तिला माझा नमस्कार पोचो.

परवा आम्ही सगळे नरसिंहपूरला गेलो होतो. आरती सुरू झाली आणि मीही तोंड उघडलं. आवाज फाटला, सूर घसरला, पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं. मी शेवटच्या ओळीपर्यंत म्हणत राहिले.