हाताला कशाला परवाना?

"अप्पा गेले," असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं ते, "असं कसं? परवाच तर भांडले माझ्याशी!" महिना होत आला, पण त्यांच्यावरचा राग काही उतरत नाही... मुखेडात बियाण्याचं दुकान चालवणारे ते लिंगायत, आणि जन्मभर एसटी हाकलेला मी बौद्धवाड्यातला. आमची दोस्ती निम्मी भांडणावरच टिकली.

गेला दुष्काळ आठवला की अजून डोकं फिरतं. अप्पांच्या घरावरून आमच्या वस्तीत येणारा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. "गाडीचे पाटे तुटतात" म्हणून टँकरवाला फाट्यावरच थांबायचा, आणि बायका घागरी घेऊन उन्हात तिथवर जायच्या. त्यातच वस्तीजवळची जुनी शाळा पाडली, विटा-काँक्रिटचा डोंगर उभा राहिला. अप्पा म्हणाले, "डायवर, लातूरहून मलमा दळायची मशीन आणू. रस्ता तर हितंच पडलाय की!" मशीनवाला म्हणाला, आधी परवाना दाखवा.

गेलो नांदेडला, प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात. साहेबांनी समजावलं, मलबा पाडला तिथंच दळून तिथंच वापरला तर परवान्यातून सूट आहे. पण रस्ता शाळेच्या आवाराबाहेर, म्हणून तुम्हाला सूट नाही. आणि परवान्याची अट काय, तर धूळ उडू नये म्हणून मशीनवर सतत पाणी मारायचं.

"पानी कुठून आणू?" अप्पांनी विचारलं.

"टँकर मागवा."

"आवो, टँकर यावा म्हणूनच रस्ता करून राहिलो ना!"

साहेबांनी फाईल मिटली. "नवा जिल्हा व्हायचं चाललंय. तुमचा तालुका तिकडं गेला तर तिकडचं कार्यालय बघेल." घ्या! तहान आज, आणि जिल्हा कधी, ते देवाला ठाऊक. दारातून वळून अप्पांनी विचारलं, "आन् हातानं फोडलं तर?" साहेब हसले. "हाताला कशाला परवाना?"

ती थट्टा होती. अप्पांनी तिचा हुकूम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी घण घेऊन गडी ढिगावर! मी ओरडलो, "वेड लागलं का? वय बघा!" म्हणाले, "तू बोलत बस. मी फोडून राहिलो." दुकानात गिऱ्हाईक आलं तर त्यालाही ढिगावर न्यायचे, आधी विटा फोड, मग बियाणं. आधी लोक हसले. बायका मात्र हसल्या नाहीत, हातोडे घेऊन सरळ येऊन बसल्या. शेवटी मीही बसलो, अप्पांना शिव्या घालत. हाताची सालटी निघाली, पण फोडलेला चुरा खड्ड्यांत भरत गेलो आणि उन्हाळा सरायच्या आत टँकर वस्तीत आला. त्या दिवशी अप्पा लहान पोरासारखे नाचले. असला हेकट माणूस पुन्हा भेटायचा नाही, आणि भांडायला दुसरं कुणी नाही म्हणून मला लई एकटं वाटतं...

अंत्यविधीच्या दिवशी त्यांच्या रीतीप्रमाणे अप्पांना ओसरीवर बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. तालुक्यात कामानिमित्त आलेले तेच साहेब ऐकून आले. त्यांची जीप त्याच रस्त्यानं थेट अप्पांच्या दारापर्यंत आली. त्यांनी मनापासून हात जोडले. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "रस्ता छान झालाय हो. परवानगी कोणाची घेतली?"

आधीच रडू आवरत नव्हतं, त्यात हे! मी अप्पांकडे बोट दाखवलं.

"ते काय, बसलेत. त्यांनाच विचारा."