जावयाचा डावा पाय

माझ्या बापानं माझ्यासाठी नवरा पाहिला नाही, पाय पाहिला. तोही एकच, डावा!

आता तुम्ही म्हणाल, ही बाई काहीतरीच सांगते. पण साठ-एकसष्टच्या सुमाराला बोरी अरबात जे कोणी राहत होते, त्यांना विचारा. गावाला तेव्हा फुटबॉलचं वेड होतं आणि सगळ्यांत मोठे वेडे आमचे बाबा. बाबांची पिठाची चक्की होती. जमिनीवर सांडलेलं पीठ ते आठवडाभर झाडून पोत्यात भरून ठेवायचे आणि मॅचच्या सकाळी त्याच पिठानं मैदानावर लाइनी आखायचे. एकदा जवळच्या नेर गावच्या टीमसोबत मॅच होती. मधल्या सुट्टीत बकऱ्या आल्या आणि पेनल्टीची लाइन चाटून गेल्या! मग फाउल झाला. नेरवाले म्हणत, लाइनीच्या आत झाला. आमचे म्हणत, बाहेर झाला. आणि ज्यांच्या पोटात लाइन होती ते साक्षीदार बाजूला उभे राहून बें बें करत होते. त्या दिवशी जी डोकी फुटली, तेव्हापासून नेर म्हटलं की बोरीचा माणूस थुंकायचा.

आमच्या टीमचे सेंटर फॉरवर्ड म्हणजेच आमचे हे. (नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. उखाण्यात एकदा घेतलं, तेवढं पुरे.) यांना आईबाप नव्हते, मामाकडं राहायचे. पण डाव्या पायानं बॉल असा मारायचे की गोलकीपर आधी देवाचं नाव घ्यायचा आणि मग बाजूला व्हायचा. नेरवाल्यांचा त्या पायावर डोळा होता. हे कळल्यावर बाबांची झोप उडाली आणि एका सकाळी त्यांनी आईला सांगितलं, "आपल्या इंदीले देतो त्या पोट्ट्याले."

"पोट्टा करते काय?" आईनं विचारलं.

"गोल करते!"

"अन् खाते काय?"

"खाईन आपल्या चक्कीचं पीठ! अवो, एकडाव जावई झाला म्हंजे कुठं जाते तो? नेरवाले बसतीन बोंबलत."

मला कोणी काही विचारलं नाही. खुंटीला दोरी बांधताना खुंटीला विचारतात का? लग्न लागलं. सायकल दुरुस्तीवाले मजीदभाई आमच्या टीमचे गोलकीपर. मंगलाष्टकं संपताच त्यांनी रेफरीची शिट्टी फुंकली. सगळं गाव हसलं. बाबा तर इतके खूश, की व्याह्यांऐवजी जावयाच्या पायाच्या पाया पडतात की काय असं वाटलं मला!

आणि माझी हळद पुरती उतरायच्या आत हे नेरला निघाले.

झालं असं, की नेरच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं यांना नोकरी दिली, वर राहायला खोली. इथं हे चक्कीवर बसून पीठ चाळत होते, आणि टीममधली पोरंच यांना "सासऱ्याचं पीठ गोड लागते का गा?" असं विचारत होती. माणूस किती दिवस ऐकून घेईल?

"तुह्या बाबाले तूच सांग," हे मला म्हणाले.

"मी कायले सांगू? गोल तुम्ही मारता अन् निरोप मी देऊ?"

शेवटी दोघांनीही सांगितलं नाही. बस निघाली तेव्हा ट्रंकेकडं बघून गावाला कळलं.

बाबांनी चक्की बंद केली. विहिरीवर गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं, कोणी गेल्याची खबर आल्यावर घेतात ना, तसं. संध्याकाळी चक्कीच्या ओट्यावर माणसं येऊन बसली. आईनं मला हे नंतर सांगितलं. मजीदभाई म्हणाले, "काका, मय्यत में भी इत्ते लोग नै आते." मग एक जण रडला आणि दुसऱ्यानं मात्र बाबांकडं बोट केलं, "यायनंच घालवला. पोरगी नसती देल्ली त त्याले नोकरीची गरजच काय होती?"

झालं! ज्या माणसानं पाय बांधून ठेवण्यापायी लेक दिली, त्यालाच गावानं फितूर ठरवलं. बायका दळणाचे डबे घेऊन चक्कीच्या समोरून जायच्या आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन दळून आणायच्या. बाबांच्या चक्कीचा पट्टा दिवसदिवस फिरायचा नाही.

इकडं नेरला यांची वाजतगाजत मिरवणूक! खोलीसमोर चपला मावायच्या नाहीत. शेजारच्या बायका मला बघायला यायच्या आणि माझ्याकडं एकदा बघून यांच्या पायाकडं बघत बसायच्या. पण माझा जीव बसस्टँडवर, ते आमच्या खोलीच्या दारातून दिसायचं. नव्या नवरीला पहिल्या सणाला माहेरचा माणूस न्यायला येतो. नागपंचमीला बोरीची बस आली, कोणी उतरलं नाही. पोळ्याला आली, कोणी उतरलं नाही. महालक्ष्म्यांना तर मी डोक्याला तेल लावून, लुगड्याची पिशवी भरून दारात बसले. कंडक्टर ओळखीचा झाला होता. त्यानं लांबूनच हात हलवला, नाही म्हणून. शेजारीण म्हणाली, "बाई, तुह्ये मायबाप हायेत ना?" काय सांगणार? आहेत, पण यांच्या एका पायाखाली सापडलेत!

मग दसऱ्याच्या आधी ते झालं. जिनिंगमध्ये रुईची गाठ, म्हणजे दाबून बांधलेला कापसाचा भलामोठा गठ्ठा, घसरली आणि यांच्या पायावर आली. डाव्याच! डॉक्टरांनी दोन बोटं काढली, आणि बाकीचा पाय वाचला हेच नशीब समजा म्हणाले. टीमची माणसं आली, पाहून गेली, परत आली नाहीत. दारासमोर आता माझ्या एकटीच्या चपला. हे भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. नोकरीही राहते की जाते, पत्ता नाही.

"बाबाले कळवू का?" मी विचारलं.

"नोको. पायासाठी त जावई केला होता मले. पायच नाई म्हंटल्यावर दारात तरी उभं करन का तुहा बाप?"

मी कळवलं नाही. कारण मलाही तेच वाटत होतं. आतापर्यंत बाबा रागावलेले तरी होते. आता त्यांना या जावयाचं कामच काय उरलं? आणि जावयाचं काम नाही तर त्याच्या बायकोचं?

दिवाळीच्या दोन दिवस आधी दारात बाबा उभे! लेक घरी येईपर्यंत आईनं म्हणे चुलीवर काही ठेवायचंच बंद केलं होतं. बाबा उंबरठ्याच्या बाहेरूनच, भिंतीशी बोलल्यासारखे बोलले, "दिवाळसणाले पोरीले अन् जावयाले न्यायले आलो. तो नेरचा सेंटर फॉरवर्ड इथं राहत असन त त्याले आवतन नाई."

हे आतून म्हणाले, "सांगतो मी त्याले, मामाजी." (आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात.)

बसमध्ये बाबा यांच्या शेजारी बसले. "जावईबुवा, खिडकी लावू का? वारा लागून राह्यला तुम्हाले." आणि लगेच मागं वळून माझ्यावर खेकसले, "अन् त्या फितुराले सांगजो, बोरीत पाय ठेवला त तंगडं मोडीन!" अख्खी बस बघत होती. हे खिडकीबाहेर बघत होते. डाव्या पायात चिंध्या कोंबलेला कॅनव्हासचा बूट. उतरल्यावर लंगडले, तर बाबांनी विचारलं, "काय झालं?"

"बूट लागते."

"नेरचा असन!" बाबा म्हणाले आणि पुढं चालू लागले.

दिवाळीच्या सकाळी अंगणात पाट मांडला. जावयाचे पाय सासऱ्यानं परातीत धुवायचे, मग ओवाळायचं. एवढंसं अंगण, आणि अंगणाच्या भिंतीवर, दारात, निंबाच्या झाडावर सगळी टीम! मजीदभाई भिंतीवरूनच बोलले, "काका, जमाई का पाँव धोओ, हमारी ना नै. पर वो लेफ्टवाला धोया तो समझो बोरीने नेर के पाँव पकड़े." दुसरं कोणी ओरडलं, "मंग दळण विसरा!"

आईनं तांब्या धरला होता, मी ओवाळणीचं ताट.

बाबांनी उजवा पाय परातीत घेतला. चोळून चोळून धुतला, पंच्यानं पुसला, कुंकू लावलं. मग थांबले. "हा माह्या जावयाचा. तो त्याचा. तो मी धुत नाई."

"अवो, अर्धा जावई धुतात का कोनी?" आई रडकुंडीला आली.

हे उठून जातील असं मला वाटलं. उठले असते तर मलाही मागं जावं लागलं असतं, आणि मग कुठली दिवाळी नि कुठलं माहेर! पण हे उठले नाहीत. खाली वाकले, बूट काढला, चिंध्या सोडल्या. "राहू द्या, मामाजी. तो पाय आता कोनाचाच नाई."

झाडावरचं एक पोरगं खाली उतरलं आणि बघितल्याबरोबर तोंड फिरवून उभं राहिलं. बाबा त्या पायाकडं बघत राहिले. असं बघताना मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, आजी गेली तेव्हा.

"कधी?"

"दसऱ्याच्या अगोदर. गाठ पडली."

"अन् नेरवाले?"

"पाहून गेले."

"मंग?"

"मंग काय. गेले."

बाबा उठून आत गेले. मी मनात म्हटलं, संपलं. पिशवी कुठं ठेवली तेही आठवू लागले. आतून भांड्यांचा आवाज आला, आणि मग बाबांचा, आईवर ओरडलेला, "थंडं पानी आनलं का गं बाहेर? जखमेवर थंडं पानी टाकतात का? अकल हाये का तुले?" आणि ते स्वतः ऊन पाण्याची बादली घेऊन आले.

डावा पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला. एकेक बोट धुतलं, आणि जिथं बोट नव्हतं तिथली जागाही धुतली. मजीदभाई भिंतीवरून उतरले आणि न सांगता परात धरून बसले. त्यांच्या दाढीवरून पाणी टपकत होतं. ते बादलीतलं नव्हतं.

"लय दुखते का?" बाबांनी विचारलं.

"रात्री दुखते."

"मंग तिथं काय करून राह्यला तू? ते लोक तुह्यासाठी उठनार हायेत का रात्री?"

मी परत नेरला गेले ती फक्त ट्रंक आणायला. बाबांनी आमच्या घराला लागूनच एक खोली काढून दिली. गावानं दळण आणलं, आणि दळण नसलं तर हळदीचं, एरंडीच्या पानाचं औषध सांगायच्या निमित्तानं माणसं आली. पुढं हे मैदानाच्या कडेला खाटेवर बसून पोरांना शिकवायचे. शेजारी बाबा, दोघांच्या हातात चहा, आणि दोघं मिळून नेरला शिव्या!

आता उरलं माझं. माहेरासाठी मी तीन सण दारात बसून रडले, तर माहेर मिळालं ते असं भिंतीला भिंत लावून. सणाला मला आणायला माणूस पाठवायचा कुठून? न्हाणीपासून ओसरीपर्यंत? बरं, नवऱ्याशी भांडून रागानं माहेरी जायचा बाईचा एवढा मोठा हक्क, मी कितीदा बजावून पाहिला. डोक्यावर पदर घ्यायचा, दार आपटायचं, तणतणत बापाच्या घरी पोहोचायचं, तर तिथं हे माझ्या आधीच येऊन पाटावर बसलेले! आणि बाबा पोहे वाढता वाढता मलाच विचारायचे, "काहून गं इंदे, जावयाशी भांडून आली का? चाल, जाय आपल्या घरी!"