वरसाव्याचा चौकोन

रुचिता पाईकराव माझ्या समोरच्या टेबलावर बसते. बसते म्हणायचं एवढंच. पेन उघडते, मिटते, भरलेली पाण्याची बाटली पुन्हा भरायला उठते. मीरा रोडच्या आमच्या कार्यालयात ती नकाशे करते, मी हिशेब पाहतो. निवृत्त व्हायच्या आधी तिच्याबद्दल लिहून ठेवावं असं वाटलं.

गेल्या वर्षी तिची चुळबुळ फार वाढली. एका धर्मादाय संस्थेला मोफत डायलिसिस केंद्र काढायचं होतं. जागा दोन होत्या, काशिमिऱ्याला आणि भाईंदर पश्चिमेला. कोणती बरी, हे रुचिताने सांगायचं होतं. तिची आई प्रभावतीबाई वरसाव्याला, पुलाजवळ मुलाकडे राहते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. काशिमिऱ्याला केंद्र आलं, तर आईचे हाल निम्मे होणार होते.

कामाची रीत तिनेच मला सांगितली होती. शहरावर चौकोनांची जाळी टाकायची, प्रत्येक चौकोनात रुग्ण किती ते भरायचं. जवळच्या चौकोनातले बहुतेक सगळे येतील, अंतर वाढेल तसे कमी होत जातील. दोन्ही जागांची बेरीज करायची, मोठी बेरीज ती जागा.

पहिल्या बेरजेत काशिमिरा जिंकलं. आमचे साहेब उदयराव म्हणाले, "झालं ना? पाठव मग."

तिने पाठवलं नाही. दोन दिवस खिडकी ते टेबल चालली. शेवटी माझ्याकडे आली.

"काका, अंतर सरळ रेषेत मोजलंय. भाईंदरपलीकडच्या मोरव्याची माणसं काय काशिमिऱ्याला मिठागरावरून उडत येणारेत?"

"मग रस्त्याने मोज."

"मोजलं. भाईंदर वर गेलं." तिने नख कुरतडलं. "पण एक आहे. अंतराबरोबर माणसं किती झपाट्याने कमी होतात, तो उतार मलाच ठरवायचाय. हळूहळू कमी होतात असं धरलं, तर काशिमिरा परत वर येतं. कोणी विचारणार पण नाही."

"आमच्या हिशेबात व्हाउचर लिहिणाराच ते पास करत नाही," मी म्हणालो. "उतार तू ठरवू नकोस. संस्थेचं जुनं केंद्र आहे ना? तिथे लांबची माणसं किती वेळा चुकतात, ते बघ. जे निघेल ते."

ती काही बोलणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईच होती. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"आज गेले नाही गं. रिक्षावाला वरसाव्याला यायलाच तयार नाही."

"आई, मागच्या आठवड्यात पण हेच!"

"एका दिसानं काय व्हतंय? आणि तुझ्या त्या नकाशात माझं घर दिसतंय का, ते सांग आधी."

"दिसतंय."

"मग केंद्र आण की जवळ. एवढी शिकलीस कशाला?"

आई हसली. रुचिताने फोन ठेवला आणि पुन्हा खिडकीकडे गेली.

"काका, जुन्या केंद्राचं मी बघून ठेवलंय," ती पाठमोरीच म्हणाली. "आईसारखेच सगळे. जरा लांब पडलं की चुकवतात. उतार सरळ कड्यासारखा आहे."

म्हणजे आई चुकवत होती, तेच आईच्या विरुद्ध जात होतं. भाईंदरच्या बाजूचे, मोरवा, मुर्धा, राई इकडचे रुग्ण संख्येने कितीतरी जास्त होते, आणि काशिमिरा धरलं तर ते असेच गळणार होते. मी चहा मागवला, तो तिने घेतला नाही.

संध्याकाळी तिने अहवाल पाठवला. भाईंदर पश्चिम. उदयराव म्हणाले, "आधी काशिमिरा होतं ना?" ती म्हणाली, "आधी चुकलं होतं, सर."

भाईंदरचं केंद्र आता सुरू झालं आहे. मोरव्याचे लोक चालत येतात म्हणे. आईला डायलिसिसला न्यायला रुचिता आठवड्यातले तीन दिवस दुपारीच निघते. तिची रजा मीच लावून घेतो, आणि ती संपत आली आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही. काल निघताना ती दारातून परत वळली.

"काका, वरसाव्याला यायला तयार होईल असा एखादा रिक्षावाला आहे का तुमच्या ओळखीचा?"

"बघतो."

"आजच बघा ना. आई पुलापाशी उभी आहे."